आगळाची बाटली: काच, प्लॅस्टिक की आणखी काही? (कोकणी मालाचं पॅकिंग)

रातांबी

नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यात आमचा बायकांचा छोटा गट आहे. कोकम आगळ (कोकमाचा खारवलेला रस), अमृत कोकम, आंबापोळी, फणसपोळी आणि कुळथाचं पीठ एवढाच माल. आजवर तो दोनच वाटांनी गेला. गणपती-शिमग्याला आलेले चाकरमानी नेतात आणि हायवेवरच्या एका दुकानात आम्ही ठेवतो. पॅकिंग म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकची बाटली आणि तालुक्याच्या गावी छापून घेतलेलं लेबल. पोळ्यांना साधी प्लॅस्टिकची पिशवी, मेणबत्तीवर बंद करायची ती आता मशीनवर करतो.

आता पुण्याच्या एका दुकानाला माल आवडलाय, पण पॅकिंग नाही. त्यांचं म्हणणं, आगळ काचेच्या बाटलीत द्या, खाकी कागदाचं लेबल लावा, मानेला सुतळी बांधा, पोळी खिडकीच्या कागदी पाउचमध्ये घाला आणि सगळ्यावर ठळक 'प्लॅस्टिक-फ्री' छापा. किंमत वाढवायला त्यांची ना नाही.

जाऊबाईंचं मत: काच घाटात फुटणार आणि भुर्दंड आपल्याला. मुलगी म्हणते, आई, प्लॅस्टिक नकोच, समुद्र बघ जाऊन. दोघींचं पटतं, म्हणून पंचाईत. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा. खरंच काच बरी का? की नुसती बरी दिसते?

ठाणेकर चाकरमानी

काच. आगळाचा तो रंग काचेतच बघावा. प्लॅस्टिकच्या बाटलीत ते ॲसिड वाटतं.

बाबल्या

गो बाय, काच घाल नायतर प्लॅस्टिक घाल, झाकण तेवढा पत्र्याचा घालू नको. आगळात मीठ नि आंबटाण, पत्रो खाता. आमची आये बरणयेत भरून वरती फडक्यान तोंड बांधायची, वरीसभर काय होयत नसा. पण बरणी काय पुण्याक धाडूक गावाची नाय.

कोथरूडची सून

ग्राहकाच्या बाजूने लिहिते. मी दर उन्हाळ्यात आगळ विकत घेते आणि खरं सांगायचं तर शेल्फवरच्या चार बाटल्यांतून जी सुंदर दिसते ती उचलते. कोणाकडे न्यायची असेल तर नक्कीच काच. सासूबाईंना मात्र प्लॅस्टिकची लागते, कारण त्यांच्या हातून काचेची निसटते. त्यामुळे आमच्या एका घरात दोन मतं आहेत, तुमच्या दुकानात दहा असणार.

सुतळीबद्दल एक विनंती. ती सुटत नाही, कापावी लागते, आणि कापली की लेबल फाटतं. कोणी सुरू केलं हे?

पुठ्ठेवाला

मी पॅकेजिंगच्या धंद्यात आहे, त्यामुळे पुठ्ठ्याची बाजू घेतली तर हलके घ्या.

रातांबीताई, दुकानदाराला काय हवं इथून सुरुवात केलीत तर गोंधळ होईल. माल कशाने बिघडतो इथून करा. आगळ खारट आणि आंबट असतं, त्यात बुरशी-जंतूंना फारसा वाव नाही. पण त्याचा लाल रंग नाजूक असतो. तो अँथोसायनिन गटातल्या रंगद्रव्यांचा रंग. उजेड, उष्णता आणि हवा लागत राहिली की तो उतरतो आणि तपकिरी होतो. आंबापोळीचं उलट. तिला उजेडापेक्षा दमट हवेची भीती. जूनमध्ये कोकणात मिठाला पाणी सुटतं, तिथे पोळी सादळायला कितीसा वेळ? आणि पिठाला ओल आणि पोरकिडे. म्हणजे तीन मालांचे तीन शत्रू. तिघांना एकच खाकी पोशाख घालायचा हट्ट हा दुकानाच्या शेल्फचा हट्ट आहे, मालाचा नाही.

आता काच. काचेतून हवा आत जात नाही, आंबटाचा तिच्यावर परिणाम नाही, वास धरत नाही. पेट प्लॅस्टिकमधून (पाण्याच्या बाटलीचं असतं ते) हळूहळू का होईना ऑक्सिजन आत जातो, महिन्यांच्या हिशेबात त्याचा रंगावर परिणाम दिसतो. इथवर काच जिंकली. पण पारदर्शक काच उजेड अडवत नाही. दुकानाच्या दिव्याखाली किंवा दारातल्या उन्हात ठेवलेली सुंदर काचेची बाटली काही महिन्यांनी चहाच्या रंगाची होते.

मग औषधाच्या बाटलीसारखी तपकिरी काच घ्या? घेता येईल. पण मग कोथरूडच्या सूनबाई ती उचलणार नाहीत, कारण आतला लाल दिसणार नाही. माल जपणारी बाटली माल विकत नाही आणि विकणारी जपत नाही. आमच्या धंद्यात रोजचं भांडण हेच.

कोथरूडची सून

माझं नाव घेऊन बोलताय पण बरोबर बोलताय. तपकिरी बाटली मी खोकल्याचं औषध समजून सोडून देईन.

डोंबिवली फास्ट नाही स्लो

खोकल्यालाच द्या की मग. 'कोकणचा काढा' म्हणून दुप्पट किमतीला जाईल.

नियमांचे_पुस्तक

मुळात प्लॅस्टिकवर राज्यात बंदी आहे ना? २०१८ पासून. मग चर्चा कसली?

पुठ्ठेवाला

असं नाही. २३ मार्च २०१८ची राज्याची अधिसूचना प्रामुख्याने पिशव्या, थर्माकोल आणि एकदा वापरून फेकायच्या वस्तूंवर होती. १ जुलै २०२२ पासून केंद्राची बंदी आली ती स्ट्रॉ, चमचे, प्लेटा, काड्या अशा यादीवर. पिशवीची किमान जाडी १२० मायक्रॉन झाली ती त्याच वर्षाच्या शेवटी, तीही सामानाच्या पिशवीसाठी. खाद्यपदार्थाची सीलबंद बाटली त्यात येत नाही. तिच्यासाठी वेगळे नियम आहेत. बंदी आहे म्हणून भीतीने काच घेऊ नका. घ्यायची तर कारणाने घ्या.

खवट काजू

माझं काजूचं छोटं युनिट आहे, वेंगुर्ल्याच्या बाजूला. खिडकीच्या कागदी पाउचबद्दल मला बोलायलाच हवं.

तो पाउच एकदा फाडून बघा. बाहेरून खाकी कागद, आतून चिकटवलेला प्लॅस्टिकचा थर, खिडकी प्लॅस्टिकची, झिप प्लॅस्टिकची. कागद तेवढा दिसण्यापुरता. त्यावर 'प्लॅस्टिक-फ्री' छापणं म्हणजे शुद्ध खोटं. आणि आतला थर नसलेला, खरोखर फक्त कागदाचा पाउच घेतलात तर पावसाळ्यात काजू मऊ पडतो आणि खवट होतो. गिऱ्हाईक पाउच परत करत नाही, ते नुसतं पुन्हा येत नाही.

काजूच्या धंद्यात हे फार जुनं दुखणं आहे. निर्यातीचा काजू पत्र्याच्या डब्यात जायचा, २५ पौंडांचा, म्हणजे ११.३४ किलोचा डबा. आतली हवा काढून कार्बन डायऑक्साइड भरायचे, म्हणजे किडा जगत नाही आणि तेल खवट होत नाही. हल्ली पुष्कळ ठिकाणी निर्वात पिशवी पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून पाठवतात. डबा घरात धान्य ठेवायला उपयोगी पडायचा, निर्वात पिशवी कशालाच पडत नाही. पण माल पोचतो तसाच्या तसा. आता यात पर्यावरणाचा फायदा कशात मोजायचा? खराब झालेला काजू पिकवायला, भाजायला, सोलायला जे लागलं ते वाया गेलं, ते पण मोजा.

किनारा साफ

दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावर आम्ही काही मंडळी पावसाळा संपला की सफाई करतो. त्यामुळे काय गोळा होतं ते डोळ्यांनी बघितलेलं आहे.

सगळ्यात जास्त बारीक पुड्या. गुटख्याच्या, वेफर्सच्या, शाम्पूच्या. गुटखा-तंबाखूच्या प्लॅस्टिक पुड्यांना २०१६च्या नियमांतच मनाई आहे, तरी त्या येतातच. मग जाळ्यांचे तुकडे, चपला, आणि मासळीच्या खोक्यांचा थर्माकोल. थर्माकोलइतका छळ कशाचाच नाही. उचलायला गेलं की मण्यांसारखा सुटतो आणि वाळूत मिसळतो, चाळणीनेसुद्धा निघत नाही. जाडजूड पेट बाटल्या मात्र त्या मानाने कमी, कारण त्या भंगारवाला घेतो. किनाऱ्यावर गोणी घेऊन फिरणारी माणसं आमच्या आधी येऊन बाटल्या वेचून गेलेली असतात. चकचकीत पुडीला किंवा कागद-प्लॅस्टिक चिकटवलेल्या पाउचला कोणी हात लावत नाही. थर सुटे होत नाहीत, त्यामुळे त्याला भाव नाही.

म्हणजे रातांबीताई, तुमची सध्याची 'वाईट' बाटली कदाचित गोणीत जाऊन परत वापरात येते आणि दुकानाने सुचवलेला 'चांगला' पाउच आमच्या वाळूत येतो.

काचेबद्दल एवढंच की फुटलेली काच अनवाणी पायाला लागते. बिअरच्या बाटल्यांना गिऱ्हाईक आहे, नक्षीदार चौकोनी बाटलीला गावात कोणी विचारत नाही.

मुरुडची माई

आमच्याकडे घंटागाडी येते म्हणतात, मी अजून बघितलेली नाही. कचरा परसात जाळतात, नाही जळला तर पऱ्ह्यात, म्हणजे ओढ्यात. पावसात पऱ्ह्या खाडीत नेतो, खाडी समुद्रात. पुण्यातला माणूस 'रिसायकल करता येईल' असं छापलेलं वाचून खूश होतो. ते करणारं कोणी जवळपास हवं ना.

ठाणेकर चाकरमानी

माई, मग करायचं काय? आगळ ओंजळीत द्यायचं?

मुरुडची माई

पूर्वी काय करत होतो रे? भात पेंढ्याच्या मुड्यात बांधायचो, मासळी पाटीत, भाजी केळीच्या पानात, गूळ ढेपेत. गिऱ्हाईक भांडं घेऊन यायचं. आता सगळे हात हलवत येतात.

पुठ्ठेवाला

माई, मुड्यातला भात गावातच राहायचा. आज माल पाचशे किलोमीटर जातो आणि सहा महिने शेल्फवर बसतो. पॅकिंग वाढलं ते अंतर आणि मुदत वाढली म्हणून, फक्त हौसेने नाही.

मुरुडची माई

मग सहा महिने कशाला बसवायचा? हे कोणी ठरवलं?

किनारा साफ

माईंना जोरदार +१.

वाशीचा गाळा

अवांतर होतंय पण राहवत नाही. पॅकिंगवर बोलताय आणि आंब्याच्या पेटीचं नाव नाही?

आमचा वाशीला आंब्याचा व्यवसाय, वडिलांपासून. जुनी लाकडी पेटी मी लहानपणापासून बघतोय. फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या, मधे फटी, आत भाताचा पेंढा. पेंढा फळाला मऊ बैठक देतो, हवा खेळती ठेवतो आणि आढीसारखी ऊब धरतो. फळ वाटेतच पिकायला लागतं, आणि त्या वासावर अर्धा सौदा व्हायचा. रिकामी पेटी कोंबडीला अंडी घालायला. फुकट जात नव्हतं काही. पण फळ्यांसाठी झाडं तोडली जात होती हे पण खरं, आणि खिळा फळात घुसलेला मी स्वतः काढलाय.

आता पुठ्ठ्याची खोकी, एक डझनाची, दोन डझनाची. हलकी, छापायला सोपी, घरपोच पाठवायला बरी. पण मे महिन्यात अवकाळी पडला की खालच्या थरातली खोकी बसतात. ओला पुठ्ठा म्हणजे पापड. हवेसाठी भोकं वाढवली की खोकं आणखी कमजोर. भोकं कमी केली की आत फळ घामेजतं. अमेरिकेला जाणाऱ्या खोक्याला तर भोकांवर बारीक जाळी लागते, विकिरण (कीड मारायला किरणांचा मारा) झालेल्या फळात परत किडा शिरू नये म्हणून. २००७ साली तिकडची दारं उघडली तेव्हा लासलगावच्या विकिरण केंद्रातून माल गेला. पेंढा तिथे नेता येत नाही, वाळलेल्या काडीतून कीड जाण्याची भीती. म्हणजे घरच्या गिऱ्हाइकाला जो पेंढा अस्सलपणाची खूण वाटतो तोच परदेशात धोका.

बाबल्या

ता फोमचा जाळीदार टोपरा विसारलास. परतेक आंब्याक सवतो. आंबो की पायलट?

वाशीचा गाळा

त्यावर बोलायचं तर वेगळा धागा लागेल. फळाला फळाचा रट्टा बसू नये म्हणून ते. काम करतं, खोटं कशाला बोलू. पण निम्म्या ठिकाणी ते 'प्रीमियम' दिसावं म्हणून घालतात, दोन डझनाच्या खोक्यात रकाने असतानासुद्धा.

कोथरूडची सून

आमच्याकडे ती टोपरी भांडी घासायला वापरून बघितली, फेस छान येतो. मग ती पण कचऱ्यात. गणपतीत एकाने मखराला चिकटवली होती, वाईट दिसत नव्हती.

नियमांचे_पुस्तक

आणि पेटीवर 'देवगड' छापलं म्हणजे आत देवगडचाच हापूस असतो असं नाही, हे पॅकिंगमधलं सगळ्यात मोठं खोटं. कर्नाटकचा आंबा, देवगडचं खोकं, आणि तळाला रत्नागिरीचं मराठी वर्तमानपत्र. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तरी खोकं छापणाऱ्याला कोण विचारतो? देवगडच्या उत्पादक संस्थेने २०२५च्या हंगामात फळागणिक कोडचा स्टिकर आणला तो याचसाठी.

किनारा साफ

म्हणजे अस्सलपणा सिद्ध करायला आणखी एक प्लॅस्टिकचा कपटा.

वाशीचा गाळा

तो कपटा नसेल तर बागायतदाराच्या पोटावर पाय येतो. प्रत्येक प्लॅस्टिक सारखं नसतं साहेब.

नियमांचे_पुस्तक

वर्तमानपत्रावरून आठवलं. खाण्याचा पदार्थ थेट वर्तमानपत्रात गुंडाळायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाची मनाई आहे, शाईमुळे. सुकट विकणाऱ्या मावशींना सांगून बघा, त्या तुमच्याकडेच संशयाने बघतील.

रातांबीताई, लेबल नव्याने छापणारच आहात तर आधी मजकूर नीट करून घ्या. पदार्थाचं नाव, घटक (जास्त वापरलेला आधी), निव्वळ वजन किंवा माप, सर्व करांसह किंमत, बॅच, बनवल्याची आणि वापरायची तारीख, पत्ता, तक्रारीसाठी संपर्क, शाकाहारी खूण, चौदा आकडी परवाना किंवा नोंदणी क्रमांक. सुंदर लेबलांवर यातलं निम्मं नसतं किंवा मुंगीच्या अक्षरात असतं. आणि एक गोष्ट बायकांच्या गटांना फार नडते. २०१८च्या जाहिरात आणि दाव्यांच्या नियमांत 'होममेड'सारखे, चुकीचा समज होऊ शकेल असे शब्द नकोत म्हटलंय. 'नैसर्गिक', 'अस्सल', 'पारंपरिक' यांनाही अटी आहेत.

रातांबी

आमच्या लेबलावर पहिला शब्दच 'घरगुती' आहे! आणि आम्ही खरंच घरी करतो. माझ्या पडवीत. रातांबे (कोकमाची फळं) आमच्याच आवारातले.

नियमांचे_पुस्तक

तुमचं खरं आहे, पण कारखान्यात टाक्या भरून करणाराही 'घरगुती'च लिहितो. नियम त्याच्यासाठी आला, अडकलात तुम्ही. त्यापेक्षा गावाचं नाव लिहा, कोणत्या महिन्यात रातांबे फोडले ते लिहा. त्याची नक्कल करायला अवघड जातं.

डोंबिवली फास्ट नाही स्लो

'पडवीमेड' लिहा. नियमात बसतं का बघतो.

खवट काजू

महिना लिहायची कल्पना आवडली. आमच्याकडे डब्ल्यू ३२० म्हणजे पौंडाला तीनशे ते तीनशे वीस दाणे, हे लेबलवर लिहिलं तर कोणाला कळत नाही. 'या वर्षीचा' लिहिलं की लगेच कळतं.

रातांबी

पुठ्ठेवाले दादा, वजनाचं विचारायचं होतं. कुरिअरवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून जाऊबाई जिंकल्यासारख्या हसल्या.

पुठ्ठेवाला

हसणारच. पाऊण लिटरच्या आसपासची काचेची रिकामी बाटली साधारण चारशे ग्रॅम भरते, तेवढ्याच मापाची पेटची तीसेक ग्रॅम. डझनाच्या खोक्यात जवळजवळ पाच किलो नुसती काच. वर प्रत्येक बाटलीला रकाना, जाड पुठ्ठा, नाहीतर बबल रॅप. म्हणजे प्लॅस्टिक टाळायला काच आणि काच वाचवायला प्लॅस्टिक. शिवाय कुरिअरवाले वजन आणि आकार यांत जे जास्त भरेल त्याचे पैसे लावतात. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले पाच हजार, हा त्यांचा नेहमीचा हिशेब. मोठ्या खोक्यात हवा पाठवलीत तर हवेचं भाडं पडतं.

एकेक बाटली कुरिअरने पाठवायची असेल तर काच हा तोट्याचा धंदा. पुण्याच्या दुकानाला महिन्यातून एकदा टेम्पोत भरून वीस खोकी जाणार असतील तर काच परवडते, फूटही कमी होते. प्रश्न काच की प्लॅस्टिक हा नाहीच, माल कुठल्या वाटेने जातो हा आहे.

अमृत कोकमचं मात्र वेगळं. गरम पाक भरत असाल तर साध्या पेट बाटलीत भरू नका, ती आकसते आणि तिरकी होते. काच गरम करून घेऊन भरा, नाहीतर पाक निववून भरा.

झाकणाबद्दल बाबल्या बरोबर आहे. प्लॅस्टिकचं झाकण, आत चांगला पॅड. प्लॅस्टिक बाटलीवर फॉइलचं सील मारायला हातात धरायचं इंडक्शन मशीन मिळतं, त्याने गळती थांबते. काचेवर ते सील तितक्या सहज बसत नाही, दुकानाला नमुने देण्याआधी उलटी ठेवून रात्रभर बघा. आगळ सांडलं तर शेजारच्या दुकानदाराचे शर्ट पण जातात.

बाबल्या

माका म्हायत असा. येष्टीत सांडलला. कंडक्टरान धोतर नेसलेल्या म्हाताऱ्याची तक्रार लिवून घेतली नि म्हाताऱ्यान माझी.

मुरुडची माई

बाटल्या परत घेण्याचं कोणी बोलतच नाही. माझी खानावळ आहे. येणाऱ्यांना सोलकढी आवडते, मग आगळ मागतात. मी काचेच्या बाटलीत देते, वीस रुपये अनामत. परत आणली की वीस परत.

ठाणेकर चाकरमानी

येतात परत?

मुरुडची माई

गावातल्या येतात. पर्यटकांच्या येत नाहीत, वीस रुपये सोडून जातात. आणि आलेल्यांत काय काय भरून आलेलं असतं! एकीला खोबरेल, एकीला रॉकेलचा वास, एकीत कोणी माडी प्यायलेलं. रॉकेलची बाटली कितीही धुतली तरी अन्नाला वापरायची नाही, ती मी फेकते. बाकीच्या सोड्याच्या गरम पाण्यात, मग ब्रश, मग उकळत्या पाण्यात, मग उन्हात उलट्या. हे काम कोणाला करायचं नसतं, म्हणून सगळे नवी बाटली घेतात.

वाशीचा गाळा

गोटी सोड्याची बाटली एवढी वर्षं फिरली, कारण ती कोणी घरी नेतच नव्हतं. गाडीवर प्यायचं, तिथेच ठेवायची. परत आणायची कटकट गिऱ्हाइकावर टाकली की ती पद्धत मरते.

किनारा साफ

मग हाच धागा धरून. रातांबीताई, तुमचं किती आगळ शेवटी सोलकढी करणाऱ्या खानावळींत आणि हॉटेलांत जातं?

रातांबी

बरंच. हायवेवरच्या दुकानातून एक हॉटेलवाला एकदम पेटीभर बाटल्या उचलतो, मग स्वयंपाकघरात एकेक फोडत बसतो.

किनारा साफ

त्याला पाच लिटरचा कॅन द्या. खाण्याच्या दर्जाचा, जाड, एचडीपीई प्लॅस्टिकचा. तुमचा टेम्पो जातोच, भरलेला ठेवायचा, रिकामा आणायचा. स्वयंपाकघरात लेबल कोण बघतं, आणि तो त्यात रॉकेल भरण्याआधीच तुम्ही कॅन उचललेला असेल.

खवट काजू

हे बरोबर. माझ्या अनुभवात देखण्या पॅकिंगवर जेवढा वाद होतो त्याच्या निम्मा विचार पण घाऊक मालावर होत नाही. खरी बचत तिथे असते.

कोथरूडची सून

पण भेट द्यायच्या बाटलीला नावं ठेवू नका हं. तुमच्या मालाला जास्त दाम त्यातूनच येतो. काकडीच्या दरात आगळ विकून गट चालेल का?

रातांबी

सगळ्यांचे आभार. घरात वाचून दाखवलं. जाऊबाईंना पुठ्ठेवाल्यांचा हिशेब पाठ झालाय, मुलीला किनारा साफ यांचा. आमचं तूर्त असं ठरतंय की हॉटेलवाल्याला कॅन. गावात आणि हायवेवर आहे तीच पेट बाटली, फक्त फॉइल सील आणि नीट लेबल घालून. पुण्याला पारदर्शक काच, पण प्रत्येक बाटली पुठ्ठ्याच्या नळकांड्यात, म्हणजे उजेड लागणार नाही. शेल्फवर एकच उघडी ठेवायची, बाकीच्या नळकांड्यात. दुकानदार यावर कुरकुरला. मी सांगितलं, रंग उतरला तर तुम्हीच परत पाठवाल.

सुतळी रद्द. 'प्लॅस्टिक-फ्री' पण छापणार नाही, झाकण प्लॅस्टिकचं असताना कसं छापू? त्यावरून तो जरा नाराज आहे. म्हणतो, सगळे छापतात.

आंबापोळीचं मात्र अडलंय. कागदी पाउच नको हे पटलं, पण साध्या पिशवीत दुकान घेणार नाही.

पुठ्ठेवाला

आतून एकाच जातीच्या प्लॅस्टिकची जाड पिशवी, थर नसलेली, हवा काढून सील केलेली. पोळ्यांच्या मधे बटर पेपर. बाहेरून कागदाचा रुंद पट्टा, त्यावर काय छापायचं ते छापा. पट्टा रद्दीत, पिशवी निदान भंगारात जाऊ शकते. कंपोस्ट होणारं प्लॅस्टिक कोणी सुचवलं तर आधी विचारा, ते कुठे कंपोस्ट होतं? त्यातल्या बऱ्याच प्रकारांना कारखान्यातल्या खड्ड्याची पन्नास-साठ अंश ऊब लागते, तुमच्या शेणखताच्या खड्ड्यात ते पडून राहतं.

खिडकी हवीच असेल तर पट्ट्याला गोल भोक पाडा. आतला आंबा दिसतो, वेगळं प्लॅस्टिक चिकटवायला नको.

खवट काजू

पिशवीची जाडी किती घ्यायची ते दोन-तीन नमुने भरून पावसात पडवीत टांगून ठरवा. कोकणाइतकी फुकट दमट प्रयोगशाळा कुठे नाही.

रातांबी

भोकाची कल्पना मुलीला आवडली, ती आत्ताच कात्री घेऊन बसलीय. बाजारात पट्टा छापायला कमीत कमी किती नग घेतात? आमच्या छापखानेवाल्याने हजार सांगितले, पोळ्या तेवढ्या होत नाहीत.

पुठ्ठेवाला

एकच पट्टा आंबा-फणस दोघांना छापा, नाव आणि घटकांची जागा कोरी ठेवा, ते वेगळ्या छोट्या लेबलवर. तारीख आणि बॅच तसंही शिक्क्याने मारायचं असतं. हजार दोन हंगामांत संपतील. कागद कोरड्या जागी ठेवा, पलंगाखाली नको.

ठाणेकर चाकरमानी

गणपतीला येतोय. माझ्या दोन बाटल्या प्लॅस्टिकच्याच ठेवा, गाडीत पोरं लाथा मारतात. पत्त्यासाठी व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.